एका लाभार्थीमागे एकच विद्यार्थी

जन्मदात्या आईची अदलाबदल करता येते, हे मला समोरच्या करसल्लागारानं शिकवलं. तो माणूस जिन्यात दिसला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्ही म्हणाल, शांत व्हा. अहो, मी शांतच आहे! मी इतका शांत आहे की ऑफिसातला शिपाई हल्ली चहाचा कप माझ्या टेबलावर लांबूनच सरकवतो आणि पळतो.

सगळं सुरू झालं ते शाळेतल्या पालकसभेत. कुठल्याशा संस्थेनं तिसरी-चौथीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली होती. एवढ्याशा पोरांना शिष्यवृत्ती म्हणजे फार तर वह्या आणि कंपासपेटी, असं धरून मी मागच्या बाकावर जांभया देत बसलो होतो. ती बाकं तिसरीच्या मुलांच्या मापाची. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं त्यावर बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला टेकतात, आणि अशा अवस्थेत कुठल्याही बापाला आपलं मत ठामपणे मांडता येत नाही. शाळा पालकांना मुद्दाम तिथं बसवते असा माझा जुना संशय आहे. ते असो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मूल मोठं होऊन कॉलेजात गेलं की सगळी फी संस्था भरणार. शिक्षण संपेपर्यंत."

मी ताठ झालो. बाक मोडता मोडता वाचलं.

मी स्वतः कॉलेज अर्ध्यावर सोडून विमा कंपनीत चिकटलो. कारण फी, दुसरं काही नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात पक्की ठरवली आहे. बाकी मी काय काय ठरवलं आहे ते बायको मला वेळोवेळी कळवते. मुलीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण ती उठल्यापासून झोपेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या कानाशी गुणगुणत असते.

अट अशी होती की मार्क बघणार नाहीत. मुलानं एखाद्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसासाठी काहीतरी सातत्यानं केलेलं असावं, आजही करत असावं, आणि वर्गशिक्षिकेनं ते स्वतः जाऊन पाहावं आणि शिफारस लिहावी. मग भुंग्याच्या वर्गाच्या बाई उठल्या. बारीक चणीच्या, आवाज हळू. म्हणाल्या, "मुलांना नवीन काही करायला लावू नका. ती आपणहून काय करतात एवढंच मला सांगा, मी येऊन बघते. पुष्कळदा आपल्या घरातच—"

आणि इथं मी हात वर केला.

माझं आयुष्य कंपनीच्या दावे विभागात गेलं आहे. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच मी सकाळी चष्मा चढवतो. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. मी विचारलं, "मॅडम, घरच्याच माणसाची सेवा दाखवली तर? आपल्याच नातवाला आजी वाटेल ते लिहून देईल!" मुख्याध्यापिका खूश. "उत्तम मुद्दा. लिहून घ्या, व्यक्ती रक्ताच्या नात्याबाहेरची हवी." मला चेव आला. "आणि एकाच म्हाताऱ्याच्या नावावर दहा मुलं आली तर?" "बरोबर. लिहा, एका लाभार्थीमागे एकच विद्यार्थी." दोन-चार पालकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि खाली बसल्या. त्या प्रभावित झाल्यात असं मला वाटलं.

घरी परतल्यावर शिष्यवृत्तीचं सांगितलं तर बायको म्हणाली, "आपल्याला काही करायलाच नको. भुंगा रोज आईंना पेपर वाचून दाखवतेच."

"चालणार नाही. रक्ताचं नातं."

"असला मूर्ख नियम काढला तरी कोणी?"

मी खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघू लागलो.

आता हे पेपरवाचन काय होतं ते सांगायला हवं. माझ्या आईला अलीकडे अक्षरं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ. भुंगा वाचायला शिकली तेव्हापासून संध्याकाळी आजीच्या पलंगावर मांडी ठोकून बसायची आणि पेपर पहिल्या पानापासून छपाईवाल्याच्या पत्त्यापर्यंत वाचायची. हरवले आहेत, विकणे आहे, पाणीपुरवठा बंद राहील, सगळं. मध्येच दोघी भांडायच्या, कोणाच्या तरी बंगल्याला किंमत फार लावली म्हणून हळहळायच्या, हरवलेल्या कुत्र्याची काळजी करायच्या. जेवायला बोलावलं तर "थांब ना, कुत्र्याचं काय झालं ते बघतोय!" असं दोघी एका सुरात ओरडायच्या. मी भुंग्याला बखोटीला धरून उठवायचो तेव्हा कुठे ती उठायची.

पण नियम म्हणजे नियम. मी रक्ताच्या नात्याबाहेरचं म्हातारं माणूस शोधायला निघालो.

सभेला गेलेले बाकीचे बाप झोपले नव्हते. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्याच दिवशी गेले. म्हणजे देवाघरी नव्हे, चौथीतल्या एका मुलाच्या वाट्याला. मागच्या इमारतीतल्या एका म्हातारीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तर एका आईनं ऑपरेशनच्या आधीच तिला अडवून ठेवलं होतं. शिंपी म्हणाला, "माझे सासरे देतो तुम्हाला, पण ते शिव्या फार देतात." मी वृद्धाश्रमातही जाऊन आलो. तिथला व्यवस्थापक माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सगळे बुक आहेत." बुक! जणू मी लग्नाचा हॉल विचारायला गेलो होतो. "एक आजोबा आहेत शिल्लक, पण ते मुलांना चिमटे काढतात. बघा, चालत असतील तर." आणि जो भेटेल तो मला वर तोंड करून विचारत होता, "अहो, तो एकामागे एकचा नियम कोणी घातला हो? सापडला पाहिजे एकदा!" मीही म्हणायचो, सापडलाच पाहिजे.

अशा वेळी समोरचा करसल्लागार आमच्या दारात आला. त्याचा मुलगा भुंग्याच्याच वर्गात. त्याला तो हाकच मारतो 'चॅम्पियन'. कशाचा चॅम्पियन ते अजून ठरायचं आहे, त्यासाठी पोराला चार क्लास लावले आहेत. करसल्लागार सोफ्यावर ऐसपैस बसला, चहा मागवला, माझ्या घरात, माझ्या बायकोला, आणि म्हणाला, "सोपं आहे हो. तुमच्याकडे आई आहे, माझ्याकडे वडील आहेत. दोघं वापराविना पडून आहेत. तुमची आई आमच्या चॅम्पियनला द्या, माझे वडील तुमच्या मुलीला घ्या. रक्ताचा प्रश्नच मिटला. शंभर टक्के कायदेशीर."

मला राग यायला हवा होता. आला नाही, हीच तर चीड आहे! मी म्हणालो, "वा!"

आईला सांगितलं तर ती हसली. "म्हणजे मला भाड्यानं देतोयस होय?" मी म्हणालो, "अगं, भुंग्याच्या कॉलेजसाठी." मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "मग दे."

खरी पंचाईत झाली समोरच्या आजोबांची. माणूस खणखणीत. पहाटे उठून फिरायला जातात, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढतात, आणि माझ्याशी हात मिळवला की माझी बोटं मोजून घ्यावी लागतात. भुंगा सेवेला गेली तर म्हणाले, "कसली सेवा? मला काय धाड भरलीय?" मुलानं खूप विनवलं तेव्हा एका अटीवर तयार झाले, की पोरीनं पत्ते खेळायचे. म्हणजे माझी मुलगी रोज संध्याकाळी समोर जाऊन एका धडधाकट म्हाताऱ्याशी रमी खेळू लागली, आणि करसल्लागार त्याला 'एकाकीपणावर उपाय' असं नाव देऊन फोटो काढू लागला. आठवड्याभरात भुंगा पानं बाहीत लपवायला शिकली. मी रागावलो तर म्हणाली, "आजोबा म्हणतात, तेही करतात, फक्त मी पकडायचं."

इकडे चॅम्पियन आमच्याकडे यायचा. पाठीवर दप्तर, बाप मागे मोबाइल धरून. बाप सांगायचा, "अग्रलेख वाच. आवाज मोठा. आजींकडे बघून हस." पोरगं अग्रलेख वाचायचं आणि माझी आई पलंगावर बसून परीक्षकासारखी मान डोलवायची. बाप गेला की ती म्हणायची, "झोप रे बाळा थोडा वेळ." आणि ते पोर खरंच झोपायचं. चार क्लास करून आलेलं असायचं, उशीला डोकं टेकायचा अवकाश. आई त्याच्या अंगावर चादर घालायची आणि अंदाजानं पेपरची घडी करायची.

मी हे बायकोला हसत सांगितलं तर ती हसली नाही. "आईंना मथळा वाचून दाखवायला गेले तर म्हणाल्या, 'राहू दे, तू दमली आहेस.' कधी नव्हे ते असं बोलल्या. मला काही हे बरं दिसत नाहीये." मी म्हणालो, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

मग करसल्लागारानं कळस केला. एके दिवशी जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची मुलगी आमच्याकडून परत आल्यावर आजीला पेपर वाचते असं कळलं."

"वाचते. आजी आहे तिची."

"वाचून चालणार नाही! बाई कधीही न सांगता येणार. नात वाचताना सापडली, तर तुमच्या आई गरजू कशा ठरणार? आमच्या चॅम्पियनचं काय राहिलं मग? आणि चॅम्पियन बाद झाला तर मी तरी माझे वडील तुम्हाला का द्यावेत?"

अशा माणसाला जिन्यावरून ढकलून द्यायला हवं होतं. तीन मजल्यांचा जिना, संधी उत्तम होती. त्याऐवजी मी, एक सुशिक्षित, जबाबदार, दावे विभागातला वरिष्ठ माणूस, घरी आलो आणि मुलीला सांगितलं, "भुंगा, बाई येऊन जाईपर्यंत आजीला वाचून दाखवायचं नाही. तिच्या खोलीत बसायचंसुद्धा नाही."

"का?"

"तू वाचलंस तर आजी गरजू राहत नाही."

तिनं मान हलवली. ही पोर भांडेल, रडेल, पाय आपटेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. एकही वापरावं लागलं नाही. माझी आई आतून ऐकत होती. तीही काही बोलली नाही. मला वाटलं, घरात कसा सगळ्यांना मुद्दा पटतो.

दिवस जात राहिले. बाईंचा पत्ता नाही. शाळेत फोन केला तर कार्यालयातली बाई म्हणायची, "वर्गात आहेत." दुसऱ्यांदा केला तर, "आत्ताच गेल्या." तिसऱ्यांदा, "तुम्ही तेच का, नियमवाले?" मी फोन ठेवून दिला. घरात भुंगा गप्प राहू लागली. शाळेतून यायची, समोर जाऊन पत्ते खेळायची, परत आली की आजीच्या दारावरून मान खाली घालून स्वयंपाकघरात जायची. मी म्हणायचो, मोठी होतेय.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी बाई आल्या. आधी समोरच्या घरी, मीही मागोमाग शिरलो. त्या फाटकात दिसताच करसल्लागारानं वडिलांना पांघरूण घालून झोपवलं होतं आणि भुंग्याच्या हातात पाण्याचा पेला दिला होता. बाईंनी विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?" त्याबरोबर आजोबांनी पांघरूण लाथेनं उडवलं आणि पलंगावर उभे राहिले. "मला काही झालेलं नाही! या गाढवानं भरदुपारी मला निजवलंय! पोरगी गुणी आहे, पण माझी सेवा-बिवा काही करत नाही, मला दर डावाला फसवते!" करसल्लागार म्हणाला, "वयामुळे कधीकधी असं बोलतात." आजोबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दारामागे गेला.

मग बाई आमच्याकडे आल्या. आईच्या खोलीत चॅम्पियन गाढ झोपला होता. घोरत होता. आई उशाशी बसून त्याच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. बाई दारातच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "यातला लाभार्थी कोण?"

"उठवू नका हो त्याला," आई म्हणाली. "फार दमतं ते पोर."

बाईंनी भुंग्याला जवळ घेतलं. "तू गेल्या वर्षी निबंधात लिहिलं होतंस, आजीला रोज पेपर वाचते म्हणून. हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट होती त्यात. अजून वाचतेस?"

भुंगा माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही."

"का गं?"

"परवानगी नाही. मी वाचलं तर आजी गरजू राहत नाही."

मी घाईघाईनं खुलासा करू लागलो, की बाई, नियमच तसा आहे, रक्ताच्या नात्याबाहेरची व्यक्ती.

"संस्थेचा असा काही नियम नाही," बाई म्हणाल्या. "मला शंका होतीच. काल मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, घरचं माणूस असेल तर उलट चांगलं. मुख्याध्यापिकांना विचारलं तर त्या म्हणतात, पालकांनीच मागितला होता नियम. मी सभेत तेच सांगायला उठले होते. तुमच्या मुलीचंच नाव घेणार होते."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी म्हणालो, "मग आता लिहा ना! इतकी वर्षं वाचत होती, सगळ्यांना माहीत आहे. आजपासून परत वाचेल. मी स्वतः बसवतो तिला!"

"आजही करते का, हा शिफारशीच्या अर्जातला पहिला प्रश्न आहे. तिनं आत्ताच माझ्यासमोर उत्तर दिलं."

"अहो, पण मुलीचं कॉलेज आहे! तुम्ही शिक्षक ना? तुम्ही नाही मदत करायची तर कोणी करायची?" मी ओरडलोच. चॅम्पियन दचकून उठला आणि झोपेतच अग्रलेखाचं पहिलं वाक्य म्हणू लागला.

बाईंचा आवाज तेवढाच हळू राहिला, पण आता त्याला धार होती. "मदतच करतेय. मी खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी माझ्या शब्दाला तिथं कोणी विचारणार नाही. तुमची मुलगी पुढच्या वर्षीही वयात बसते. मी परत येईन. तोपर्यंत तुम्ही तिला काही सांगू नका. वाच म्हणू नका, वाचू नको म्हणू नका. जमेल?"

बायको माझ्या आधी म्हणाली, "जमवू." आणि बाईंना पोचवायला खाली गेली. परत आल्यावर ती मला ओलांडून थेट आत गेली. तिनं चॅम्पियनला बिस्किट दिलं आणि त्याच्या घरी सोडून आली.

मी खोलीभर येरझारा घालत होतो. करसल्लागाराला शिव्या घातल्या, मुख्याध्यापिकेला घातल्या, नियम करणाऱ्या तमाम मूर्खांना घातल्या. आई ऐकत बसली होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "झालं? माझे डोळे जातायत, ते मी सहन करतेय. तिचा आवाज तू बंद केलास. तेही मी सहन केलं, कारण तू कॉलेजचं नाव घेतलंस. आता निदान ओरडू तरी नकोस."

मी खुर्चीवर बसलो. भुंगा दारात उभी होती. मी म्हणालो, "ये गं. जा आजीजवळ. वाच." बाईंनी नुकतंच काय सांगितलं होतं ते माझ्या लक्षातही नव्हतं.

ती आली. पेपर उचलला. पलंगाच्या अगदी कडेला, पाय खाली सोडून बसली आणि मला विचारलं, "बाबा, किती वेळ वाचायचं?"

मला एकदम संताप आला, आणि या वेळी तो फेकायला समोर कोणीच नव्हतं. मी म्हणालो, "तुला हवा तेवढा वेळ."

तिनं पेपर नीट घडी करून आजीच्या उशीपाशी ठेवला. "मग आज नको," ती म्हणाली आणि बाहेर खेळायला गेली.

आईनं चाचपडत पेपर हाताशी घेतला. बराच वेळ ती त्याची कड बोटांनी सरळ करत राहिली.

"मी समजावतो तिला," मी म्हणालो.

"नको. तू काही समजावू नकोस." मग ती म्हणाली, "एक कर. उद्यापासून ऑफिसातून जरा उशिरा येत जा."